एनोकमामांची फळी

लॉनीच्या बंदुकीत आता फक्त लाकूड कमी होतं. नळी होती, अष्टकोनी आणि पहारेइतकी जड. घोडा होता, चाप होता, दस्त्याच्या टोकाला बसवायची लोखंडी चंद्रकोर होती. हे सगळं औषधाच्या दुकानामागच्या खोलीत एका जुन्या चादरीवर मांडून ठेवलेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत लॉनी तिथे जाऊन नुसता बघून यायचा.

"भरती केलेल्या पेशंटकडे बघावं तसा बघतोस तिच्याकडे," त्याची बायको नेवा म्हणायची.

"लाकूड मिळालं की लगेच घरी सोडणार," लॉनी म्हणायचा.

पण लाकूड काही मिळत नव्हतं. दस्त्याचं लाकूड सरळ रेषांचं लागतं आणि मुख्य म्हणजे मुरलेलं लागतं. ओलं लाकूड पुढे वाकतं. ते केसभर वाकलं तरी नळीवर ताण येतो आणि गोळी बोटभर सरकते. वखारीतलं लाकूड भट्टीत वाळवलेलं असे, आणि घाईत वाळवलेल्या लाकडावर लॉनीचा घाईत पाठ केलेल्या धड्याइतकाच विश्वास होता. तो औषधं देणारा माणूस. गुंजेच्या हिशेबात जगणारा. केसभर म्हणजे काय ते त्याला नीट कळत होतं.

लॉरेल फोर्कच्या खोऱ्यात दर ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओंडक्यावरची नेमबाजी होते. ठासणीची बंदूक, एका वेळी एकच गोळी, आणि माणूस जमिनीवर पालथा. नळीचं तोंड पुढच्या ओंडक्यावर टेकवायचं आणि लांब उभ्या केलेल्या जळक्या फळीवरच्या फुलीवर नेम धरायचा. प्रत्येक गोळीचं भोक फुलीपासून किती दूर पडलं ते दोऱ्याने मोजतात, सगळी अंतरं एकाच दोऱ्यावर जोडत जातात, आणि शेवटी ज्याचा दोरा सगळ्यांत आखूड तो जिंकला. लॉनी मूळचा ओहायोकडचा. दुकानाच्या नोकरीसाठी इथे आला आणि नेवासाठी इथेच राहिला. पण खोऱ्यातली त्याला पहिल्याच वर्षी पूर्ण पटलेली गोष्ट म्हणजे हा दोरा.

आजवर तो दुसऱ्याची बंदूक मागून आणून खेळायचा. त्याचे सासरे एनोक टिप्टन, म्हणजे एनोकमामा, एके काळी या खोऱ्यातले सगळ्यांत आखूड दोऱ्याचे नेमबाज. आता त्यांच्या स्वतःच्या बंदुकीची नळी झिजली होती आणि ते फक्त बघायला येत. लॉनीचा लांबलचक दोरा बघून ते दर वर्षी एकच वाक्य बोलत, "उसन्या बंदुकीचा नेमही उसनाच, जावईबापू." यंदा लॉनीला स्वतः केलेली बंदूक घेऊन त्यांच्या डोळ्यांसमोर ओंडक्यामागे झोपायचं होतं. त्याची बाकी काही इच्छा नव्हती.

ऑगस्टातल्या एका रविवारी सफरचंदं काढायची शिडी आणायला तो मामांच्या गोठ्याच्या माळ्यावर चढला, आणि तिथे तंबाखूच्या काठ्यांखाली त्याला फळी दिसली. काळा अक्रोड. तळहात आडवा धरला तर तेवढी जाड, माणसापेक्षा लांब, आणि एका कडेने पाण्याच्या धारेसारख्या सरळ रेषा. लॉनीने बोटाच्या पेराने टकटक करून पाहिलं. फळी घंटेसारखी वाजली. तो शिडी विसरून खाली आला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी खोऱ्यात कोणी कोणाला सांगत नाही. इथला प्रत्येक म्हातारा गोठ्याच्या माळ्यावर अक्रोडाचं लाकूड जपून ठेवतो. ते त्याच्या शेवटच्या पेटीचं लाकूड असतं. वेळ आली की घरातला पुरुषमाणूस ते खाली काढतो, चिरतो आणि पेटी करतो. पण तिचं नाव तोंडाने घेत नाहीत. "वरची फळी" एवढंच म्हणतात. खेचराच्या मागून चालू नये हे पोरांना जसं न सांगता समजतं, तसंच हेही समजतं. लॉनी मात्र इथे पोरवयात नव्हता.

मामा ओसरीवर शेंगा निवडत बसले होते. पायाशी त्यांचा शिकारी कुत्रा सार्जंट पडला होता.

"मामा, माळ्यावर ती अक्रोडाची फळी आहे ना..."

मामांचे हात थांबले. "आहे. मग?"

"कुणासाठी ठेवलीय?"

"कुणासाठी म्हणजे? माझ्यासाठी."

"पण आता तुम्ही थोडंच काही करणार आहात तिचं?"

मामांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. जावई शहरातला, बोलायला जरा रोखठोक, हे त्यांना माहीत होतं. "मी काय करणार? माझ्यामागे तुलाच बघायचंय तिचं."

"म्हणजे शेवटी माझ्याच हातात यायची?"

"दुसरं आहे कोण? मला मुलगा नाही."

लॉनीला भरून आलं. इतक्या वर्षांत मामांनी त्याच्यासाठी काही ठेवल्याचं तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्यामुळे त्याला जरा धीर आला. "मग मामा, रागावू नका, पण ती आत्ताच नेली तर चालेल?"

"आत्ता?"

"ऑक्टोबरच्या आत काम उरकायला हवं. आत्ता सुरुवात केली तरच वेळेवर होईल."

मामांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांना एकेक गोष्ट आठवू लागली. मागच्या आठवड्यात डॉक्टरने त्यांना तपासलं आणि मग नेवाला एकटीला आत बोलावून दार लावून घेतलं. तेव्हापासून त्यांच्या तोंडाची चव गेली होती. नेवाच्या हातचं काहीही खाल्लं तरी भिजवलेला पुठ्ठा खाल्ल्यासारखं लागे. आणि समोर उभा होता तो खोऱ्यातला औषधवाला, ज्याच्या हातातून प्रत्येकाचं दुखणं जातं आणि ज्याला सगळ्यांचं सगळं आधी कळतं.

"ऑक्टोबर," मामा म्हणाले. "नक्की?"

"पहिला आठवडा."

"इतकं नेमकं कळतं?"

"कळायचं काय त्यात? ते ठरलेलंच असतं."

मामांनी मान हलवली. मरणाची वेळ आधीच ठरलेली असते, असं त्यांच्या चर्चमध्येही सांगत असत. "तुला डॉक्टर काही बोललाय का रे?"

लॉनी दचकला. डॉक्टर बोलला होता हे खरं. मामांचं हृदय बैलासारखं आहे, पण रक्तदाब जरा वर आहे, मीठ तोडा, आणि त्यांना मात्र सांगू नका, नाहीतर म्हातारा हट्टाने खारवलेलं डुकराचं मांसच खात बसेल. तेव्हापासून नेवा गुपचूप अळणी रांधत होती. खोटं बोलणं लॉनीला जमत नसे, म्हणून त्याने आपलं नेहमीचं वाक्य काढलं आणि नजर दुसरीकडे वळवली. "मामा, दुकानातली गोष्ट मी घरात बोलत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

मामांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि ते उठले.

"ट्रक मागे लाव," मामा म्हणाले. "एका टोकाला मी धरतो."

त्यांनी खरोखरच एक टोक धरलं. फळी ट्रकमध्ये ठेवल्यावर तिच्यावर दोन थापाही मारल्या. मामांचं मन केवढं मोठं, असं लॉनी वाटभर स्वतःशी म्हणत होता.

सप्टेंबर लागला तशी नेवा अस्वस्थ होऊ लागली. "बाबांचं काहीतरी बिनसलंय," एका संध्याकाळी दुकानात येऊन ती म्हणाली. "काल मक्याचा पाव खाल्ला आणि म्हणाले, छान झालाय."

"मग बरंच आहे की."

"लॉनी, त्यात मीठ नव्हतं. मीठ असतानासुद्धा ते कधी छान म्हणाले नाहीत. आईच्या पावालाही नाही."

"वयानुसार माणूस मवाळ होतो."

"आणि पाद्रीबुवांना त्यांनी जिनसेंगची जागा दाखवली."

आता मात्र लॉनीनेही मान वर केली. औषधी म्हणून मोठ्या भावाने विकलं जाणारं जिनसेंगचं मूळ डोंगरात कुठे उगवतं ते या खोऱ्यात बाप मुलाला सांगत नाही, नवरा बायकोला सांगत नाही. मामांनी ती जागा नेवालाही कधी दाखवली नव्हती.

"तू त्यांना काही बोललास का?" नेवाने विचारलं.

"छे. उलट त्यांचा माझ्यावर जीव बसलाय. माझ्या बंदुकीसाठी लाकूडसुद्धा दिलं त्यांनी."

"कसलं लाकूड?"

"होतं पडलेलं एक जुनं," लॉनी म्हणाला. फळी त्याला तिला एकदम बंदूक झाल्यावरच दाखवायची होती. त्याच वेळी दुकानाची घंटा वाजली आणि बोलणं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा दुकानाच्या मागच्या दाराशी आले. आतून कानशीचा आवाज येत होता. दाराकडे पाठ करून ते पायरीवर बसले.

"आत या ना, मामा."

"नको. पुरी व्हायच्या आधी बघू नये."

लॉनीला हे पटलं. जुन्या नेमबाजांचे असे बरेच संकेत असत. "तुम्ही म्हणाल तसं."

"कशी चाललीय?"

"लाकूड काय आहे, मामा. पटाशी लावली की लोण्यासारखं निघतं."

"माझं लग्न झालं त्या वर्षी तोडला होता तो अक्रोड." मामा म्हणाले. "लांबी काय धरलीस?"

"माझ्याच अंगाच्या मापाने बेतली."

"तुझ्या?"

"मग आणखी कोणाच्या?"

लॉनी मामांपेक्षा वीतभर उंच होता. मामांनी मनातल्या मनात हिशेब केला. "असू दे. जरा सैल असलेली बरी."

"अजिबात नाही. घट्टच बसली पाहिजे. हललं की सगळं फुकट."

"हलतंय कोण?"

"तेच म्हणतो मी. जागचं हलायचं नाही. श्वाससुद्धा रोखून धरायचा."

"तो आपोआपच धरला जातो," मामा म्हणाले.

आत कानस पुन्हा सुरू झाली. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पितळी लावतोयस का लोखंडी?"

"लोखंडी. आपल्याकडची रीत तीच ना?"

"बरं केलंस. पितळ म्हणजे नुसता दिखावा. आणि आतून?"

"आतून मेण भरतोय. ओल धरायला नको."

"मेण चांगलं," मामांनी मान हलवली. "ओलीची मला जरा भीतीच होती."

"गाल टेकतो तिथे थोडा उंचवटा ठेवलाय. त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. रोज आडवा पडून बघतोय."

मामा अर्धे वळले आणि मग आठवण होऊन पुन्हा समोर बघू लागले. "तू स्वतः आडवा पडून बघतोस?"

"जेवणाच्या सुट्टीत. मान अवघडते की नाही ते पडल्याशिवाय कसं कळणार? आता इतकी जमलीय, की काल नेवाने दोन हाका मारल्या तरी मी उठलो नाही."

मामांनी रुमाल काढला. सख्खा मुलगा असता तरी त्याने एवढं केलं नसतं, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी विचारलं, "उचलायला किती जण लागतील?"

"किती जण कशाला? मी एकटा नेतो. खांद्यावर टाकायची आणि निघायचं."

मामांनी आपल्या मनगटांकडे पाहिलं. अलीकडे ती बारीक दिसत होती खरी. "एवढाच उरलोय म्हणायचं," ते पुटपुटले आणि उठले.

"काही म्हणालात, मामा?"

"काही नाही. तेल दोनदा लाव."

तिथून मामा घरी गेले, सार्जंटच्या गळ्यात दोरी अडकवली आणि टेकडी उतरून डेलमार ओग्लच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. नेवा शाळेत होती तेव्हापासून या दोघांत बोलणं नव्हतं. त्या वर्षी डेलमारचा दोरा मामांच्या दोऱ्यापेक्षा गव्हाच्या दाण्याएवढा आखूड निघाला होता. त्याने लबाडी केली असं मामांचं म्हणणं होतं. चर्चमध्ये दोघे शेजारच्या बाकांवर बसत आणि एकमेकांच्या कानांकडे बघून प्रार्थना म्हणत.

"डेलमार," मामा म्हणाले, "मी तुला माफ केलं."

डेलमारने कुऱ्हाड खाली ठेवली. "कशाबद्दल?"

"दोऱ्याबद्दल."

"मी काही केलं नव्हतं."

"बरं, नव्हतं केलंस. तरी माफ. आणि हा कुत्रा ठेव. रात्री याला आत घ्यावं लागतं."

"एनोक, तुला झालंय काय?"

"ऑक्टोबरच्या पुढे मी नाही. जावयाने फळी खाली काढली. अर्धं काम झालंयसुद्धा."

डेलमार फाटकाला टेकून उभा राहिला. "दोरा मी तोंडात धरला होता," तो म्हणाला. "सूत भिजलं की आखडतं."

"माहीत होतं मला."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"बोललो की. तुझ्या याच फाटकाशी उभं राहून बोललो. शेरीफला यावं लागलं होतं."

दोघे म्हातारे हसले आणि मग दोघांनी डोळे पुसले. सार्जंट डेलमारच्या स्वयंपाकघरात आधीच जाऊन पोचला होता.

स्पर्धेच्या दिवशी मामा काळा सूट घालून आले. दाढी गुळगुळीत, बुटांना पॉलिश. एवढे नटून कशाला आलात असं नेवाने विचारलं, तर म्हणाले, "सगळे एका जागी भेटतील. एकेकाच्या घरी कुठे जाऊ?" ते खरोखरच प्रत्येकाशी हात मिळवत फिरले, आणि लोकही त्यांचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवू लागले, कारण डेलमारच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि बातमी खोरंभर झाली होती. ती पोचली नव्हती फक्त टिप्टनांच्या लेकीपर्यंत आणि जावयापर्यंत. अशी बातमी घरच्यांना सांगायची नसते.

लॉनी ट्रकमधून गोधडीत गुंडाळलेली लांब वस्तू खांद्यावर घेऊन आला. मामांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"इथे आणलीस?"

"इथेच तर आणायची ना, मामा."

"एवढ्या लोकांसमोर?"

"बघू देत सगळ्यांना. लाजायचं काय त्यात?"

मामा गोधडीकडे बघत राहिले. "फारच अरुंद दिसतेय रे."

लॉनीने गोधडी उलगडली. बंदूक बाहेर आली. काळसर तांबूस दस्ता, तेल पिऊन आतून उजेड आल्यासारखा. निळसर लोखंड लाकडात असं बसलेलं, की मधून कागद जाणार नाही. आजूबाजूचे नेमबाज जवळ सरकले. कोणीतरी हळूच शीळ घातली. मामांनी हात पुढे केला आणि दस्त्यावरच्या एका गडद रेघेवरून अंगठा फिरवला. ती रेघ ते चाळीस वर्षं माळ्यावर जाऊन बघत आले होते.

"ही माझी फळी आहे."

"तुम्हीच तर दिलीत."

"तिची तू बंदूक केलीस."

"मग दुसरं काय करणार होतो?"

डेलमार खोकला. नेवाच्या मात्र सगळं एकदम लक्षात आलं. तिचा हात तोंडावर गेला. "लॉनी, तू बाबांची वरची फळी आणलीस?"

"वरचीच. माळ्यावर होती ती."

नेवाने त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि खोऱ्यात कोणी उच्चारत नाही तो शब्द त्याच्या कानात सांगितला. लॉनीच्या चेहऱ्याचा रंग तेल न लावलेल्या लाकडासारखा झाला. दाराशी झालेलं सगळं बोलणं त्याला आठवलं, एकेक वाक्य. मेण. घट्ट. आडवा पडून बघतो. तो तिथेच ओंडक्यावर बसला.

मामा मात्र लेकीकडे बघत होते. "नेवा, डॉक्टर काय म्हणाला होता?"

"मीठ कमी करा म्हणाला."

"आणि?"

"आणि काही नाही. हृदय बैलासारखं आहे म्हणाला."

"म्हणजे तुझ्या त्या पावात मीठच नव्हतं?"

"नव्हतं, बाबा."

"मला वाटलं माझी जीभ मेली." मामांना यात सगळ्यात जास्त काय लागलं ते त्यांच्या पुढच्या वाक्यावरून समजलं. "मी त्या पावाला छान म्हणालो."

"हो. तेव्हाच मला काळजी वाटायला लागली."

मामा सावकाश वळले. "डेलमार."

"ते दोऱ्याचं मी मरणाऱ्या माणसाला सांगितलं होतं," डेलमार एक पाऊल मागे सरकत म्हणाला. "जिवंताला नाही."

"माफी परत घेतली."

"घे."

"कुत्राही परत."

"कुत्रा नाही यायचा, एनोक. माझ्याकडचं जेवण आवडलंय त्याला."

"तुझ्याकडे मीठ असतं?"

"असतं."

मामांनी विचार केला. "मग त्याचं काही चुकत नाही. पाद्रीबुवा कुठायत?"

"डोंगरावर," मागून कोणीतरी म्हणालं. "टोपली घेऊन गेलेत."

मामांनी डोळे मिटून घेतले. लॉनी उठून त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याला मान वर करवत नव्हती. "मामा, मी दुसरी फळी आणतो. कुठूनही आणतो. माझ्या लक्षातच आलं नाही."

"चाळीस वर्षं वाळलेली आणशील?"

"नाही जमणार."

"बघ म्हणजे. तुझ्यापायी आता मला मरायचीसुद्धा सोय राहिली नाही."

तेवढ्यात मैदानातून त्याच्या आडनावाचा पुकारा झाला. तो बंदुकीला हात घालणार, तर मामांनी ती आधीच उचलली होती. त्यांनी काळा कोट काढून नेवाकडे दिला.

"बाबा, खाली झोपलात तर उठायचं कसं?"

"ते नंतर बघू. लाकूड माझं आहे. त्याच्याबरोबर आधी मी झोपणार."

मामा ओंडक्यामागे पालथे झाले. त्यांनी दस्ता खांद्याला लावला आणि गाल टेकवला. लॉनीने शेकडो वेळा आडवं पडून, खरवडून, पुन्हा आडवं पडून तो उंचवटा बेतला होता, आणि मामांचा गाल त्यावर असा जाऊन विसावला, की जणू तो तिथेच ठेवलेला होता. मामांनी श्वास रोखला. पांढऱ्या धुराचा लोट उठला, बार टेकड्यांवर आपटून परत आला, आणि दुर्बिणीतून बघणाऱ्याने नुसतंच एक बोट वर केलं. गोळी फुलीला चिकटून गेली होती.

"मानेला बरं आहे," मामा खालूनच म्हणाले.

मग ते उठलेच नाहीत. लॉनीने बंदुकीची दारू मोजून नळीत ओतायची, तेलकट चिंधीत गोळी बसवायची, गजाने ठासायची, मामांनी मारायची. "दारू जरा जास्त घालतोस," ते मध्येच म्हणत. किंवा, "चाप फार हळवा ठेवलायस, विचार केला तरी सुटतो." लॉनी "हो मामा" म्हणत पुढची गोळी घेई. एवढी सुरेख बंदूक आपल्या हातून झाली आणि तिची एकही गोळी आपण मारली नाही, हे त्याला शेवटच्या बाराच्या वेळी जाणवलं. तोवर फळीवरची सगळी भोकं मिळून एका लहान मुलाच्या पंजाखाली झाकली गेली असती.

दोरा मोजायला डेलमारच उभा राहिला. तो त्याने हात लांब करून धरला, तोंडापासून जमेल तितका दूर. दोरा दिवसातला सगळ्यांत आखूड निघाला. पण लक्ष्याची फळी लॉनीच्या नावाची आणि गोळ्या मामांच्या, त्यामुळे नियमाप्रमाणे तो कोणाचाच धरता आला नाही. मामांनी तरीही तो गुंडाळून खिशात घातला. त्यांना उभं करायला तिघे लागले.

लॉनी दोन दिवस झोपला नाही. तिसऱ्या दिवशी दुकानामागच्या खोलीत तो भुसा झाडत होता, तेव्हा मागच्या दाराची कडी वाजली आणि मामा आत आले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीला उरलेली फळी टेकवून ठेवली होती. तिची एक कड गेली होती. बाकी तिला हात लावायचा लॉनीला धीर झाला नव्हता.

"ती मी तशीच परत आणून देणार होतो, मामा. उद्याच."

मामांनी फळी उजेडात फिरवली, तिच्यावरून अंगठा नेला, मग कानामागची पेन्सिल काढून एका बाजूने लांब रेघ मारली. "ही कड सरळ आहे. हिच्यातून अजून एक निघेल. ती तुला. झालेली बंदूक माझ्याकडे राहील."

"पण मग तुमच्यासाठी काय उरणार?" लॉनीने कसंबसं विचारलं. "एवढ्या लाकडात पेटी होणार नाही."

"पाइनची करा."

"मामा, पाइन? तुमच्यासाठी?"

"काय बिघडलं?" मामा रेघेवर फुंकर मारत म्हणाले. "तिथे पडून मला कुठे नेम धरायचाय?"